एक्सेल शीट आणि घरचा बार

मंडळी, सुरुवात एका बिलापासून.

शुक्रवारची रात्र होती. तीन आठवडे लांबलेलं रिलीज एकदाचं प्रॉडक्शनला गेलं होतं आणि आम्ही चौघं बाणेरच्या एका परमिट रूममध्ये बसलो होतो. बिल आलं नऊ हजार दोनशे. बिल आलं की ग्रूपमधला प्रत्येकजण आपापलं काम करतो. नागपूरकर मोबाईलमध्ये डोकं घालतो, कोल्हापूरकर "मी देतो रे" म्हणतो आणि खिशाकडे हातही नेत नाही, आणि मी बिल वाचतो. ओळ न् ओळ. लॉग वाचून वाचून लागलेली सवय आहे, इलाज नाही.

तर त्या बिलात लार्ज पेग होते दहा. लार्ज म्हणजे 60 मिली, म्हणजे एकूण 600. म्हणजे आम्ही चौघांनी मिळून साडेसातशेचा एक खंबासुद्धा संपवला नव्हता, तळाला दीडशे मिली उरली असती! आणि त्यासाठी मोजलेल्या पैशांत वाईन शॉपमधून त्याच ब्रँडचे चार खंबे आले असते. वर 2023 च्या नोव्हेंबरपासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्के झालाय, तो वेगळाच. घरी आलो, झोप येईना, लॅपटॉप उघडला आणि एक्सेलची नवीन शीट केली. नाव दिलं 'बार'.

बजेट ठरवलं साडेसात हजार, सगळं धरून. म्हणजे बाटल्या, ग्लास, बर्फाचे ट्रे, सगळं.

त्याआधी एक सरकारी भानगड. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला रीतसर परवाना लागतो. स्पिरिट्ससाठी वय 25 पूर्ण पाहिजे (मी 28, पास). एक दिवसाचा परवाना दुकानात पाच रुपयांत मिळतो, आजीवन परवाना हजार रुपयांत. मी हौसेनं आजीवन काढला. हा परवाना आरोग्य राखण्यासाठी मिळतो! माझ्या आयुष्यात आरोग्यासाठी मी खर्च केलेले हे पहिले हजार रुपये. जिमची मेंबरशिप मी धरत नाही, कारण तिथे मी जातच नाही.

आता बाटल्या. आधी एक कोडं, जे मला कित्येक वर्षं छळत होतं: आपल्या सगळ्या बाटल्यांवर 42.8 टक्के अल्कोहोल का असतं? 40 का नाही? 43 का नाही? तर याचं मूळ इंग्रजांच्या प्रूफ पद्धतीत. त्या मोजमापात 57.1 टक्के म्हणजे 100 प्रूफ. बंदुकीची दारू भिजवली तरी पेट घेते ती साधारण ही पातळी. त्याचे पंचाहत्तर टक्के काढा: 42.8. लेबलवर '75 डिग्री प्रूफ' लिहिलेलं असतं ते हेच. साहेब गेला, साहेबानं स्वतःच्या घरी ती पद्धत सोडूनही दिली, आपण मात्र लेगसी कोड हलवला नाही. चालतंय ना, मग हात लावू नका!

पहिली बाटली अर्थातच ओल्ड मंक. 1954 पासून बाजारात आहे आणि जाहिरात न करता खपली म्हणून तिची ख्याती. व्हॅनिलाचा वास, थोडी जळक्या साखरेची चव, नंतर घशात गोडसर ऊब. बजेटवाल्या माणसासाठी हिच्यापेक्षा चांगली खरेदी नाही, आणि हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये. कारण सांगतो.

आपल्याकडची स्वस्त दारू, मग तिचं नाव काहीही असो, बहुतेक वेळा उसाच्या मळीपासून सुरू होते. मळी आंबवायची, ऊर्ध्वपातन करून 96 टक्क्यांच्या आसपासचा, वास-चव जवळपास नसलेला अर्क काढायचा, मग पाणी घालून तो 42.8 वर आणायचा. या अर्काला थोडी माल्ट व्हिस्की लावली की झाली व्हिस्की, जुनिपरचा स्वाद दिला की जिन, काहीच केलं नाही की व्होडका. आता रम ही मुळातच ऊस आणि मळीची दारू. जगभर तशीच बनते. म्हणजे मळीपासून केलेली रम कोणाचं सोंग घेत नाही. मळीपासून केलेली व्हिस्की घेते, कारण व्हिस्की ही धान्याची वस्तू. युरोपात तर मळीच्या दारूवर व्हिस्की हे नाव लावताच येत नाही. म्हणून कमी पैशांत रम चांगली मिळते आणि व्हिस्की मिळायला जड जाते.

मळीचं मला कोणी शिकवायला नको. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्यापासून तीन किलोमीटरवर. हंगामात वारा फिरला की घरात मळीचा तो आंबूस-गोड वास भरायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची. माझा मामा त्याच कारखान्यात कामाला होता. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी बाटली व्होडका. इथे मी चक्क प्रयोग केला. टेस्टिंगवाल्यांना ट्रँगल टेस्ट माहीत असेल: तीन ग्लास, दोघांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं, वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसता अंदाज मारला तरी तिघांतला एक बरोबर येतो, त्यामुळे पाच जणांत एक-दोन बरोबर आले तर फार खूश व्हायचं नाही. दुकानातली जवळजवळ सगळ्यात स्वस्त व्होडका विरुद्ध कोल्हापूरकराच्या भावानं ड्यूटी फ्रीमधून आणलेली परदेशी. रूमच्या तापमानाला, नुसती, पाचपैकी चार जणांनी ओळखली. स्वस्त व्होडका नाकात जाते, जरा स्पिरिटच्या बोळ्यासारखी. मग त्याच दोन बाटल्या लिंबू, सोडा, चिमूटभर मीठ आणि भरपूर बर्फ घालून. पाचपैकी दोन! त्यातल्या नागपूरकरानं नंतर कबूल केलं की त्यानं मधला ग्लास म्हणून मधला सांगितला. त्यामुळे निकाल स्पष्ट आहे: व्होडका सोड्यातूनच पिणार असाल तर महागडी घेऊ नका.

व्हिस्कीत मात्र कंजुषी अंगाशी येते. पहिल्यांदा मी अगदी खालच्या फळीवरची घेतली आणि पस्तावलो; पहिल्या घोटाला कॅरमेल, मग काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं. त्यापेक्षा एक पायरी वर चढा. लेबल वाचा. 'ग्रेन स्पिरिट आणि स्कॉच माल्टचं मिश्रण' असं लिहिलेली, रॉयल स्टॅगच्या वर्गातली बाटली पाण्यातून बरी लागते. सिंगल माल्टचा नाद या बजेटमध्ये करू नये. ती महाग का, याला कारण नुसती हौस नाही: स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्के दारू उडून जाते, बंगलोरच्या हवेत दहा टक्क्यांच्या वर. अमृतसारख्या डिस्टिलरीत चार-पाच वर्षांत पिंपाचा बराच भाग देवदूतच पिऊन जातात. बोनस झाला की बघू.

चौथी जिन, आणि बजेटचा खरा चुराडा इथे होतो. बाटलीनं नाही हो, टॉनिकनं! 2017 ला ग्रेटर दॅन आली तेव्हापासून आपल्याकडे चांगली देशी जिन खिशाला परवडेल अशी मिळते. पण टॉनिकचा कॅन घ्यायला जा, एका ग्लासातलं टॉनिक त्यातल्या जिनच्या बरोबरीला येतं. त्यावर माझा उपाय कोकम. कोकणातून आणलेलं आगळ दोन चमचे, साखरेचा पाक एक चमचा, मीठ, साधा सोडा आणि 45 मिली जिन. रंग असा येतो की बाणेरच्या मेनूवर याला सहाशे रुपये लावतील. पाक विकत आणू नका. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम, फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो.

फेणी नाही का, असं गोवाप्रेमी विचारतील. माझी आवडती आहे. 2009 मध्ये तिला जीआय मिळालं, उन्हाळ्यात पहिल्या धारेची हुर्राक मिळते ती लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायली की दुसरं काही नको. पण गोव्यात स्वस्त मिळालेली बाटली 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असते, ती बॅगेत घालून आंबोली घाटातून आणायची आणि एक्साईजच्या नाक्यावर घाम पुसत उभं राहायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. फेणी गोव्यात, विषय संपला. ब्रँडी मी ठेवली नाही. ब्रँडी ही आमच्या घरातली एकमेव अधिकृत दारू होती, कपाटात वरच्या कप्प्यात, व्हिक्सच्या डबीशेजारी, थंडीत खोकला झाला की दोन चमचे. तिच्याकडे अजून मी औषध म्हणूनच बघतो.

बाकी सामान पटापट सांगतो. जाड बुडाचे सहा ग्लास आणि 30-60 चं स्टीलचं माप रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. शेकर म्हणून जिमचा प्रोटीन शेकर (वर म्हटलं ना, जिमला जात नाही, निदान हा तरी वापरात आला). बर्फ हा मात्र गंभीर विषय आहे. उघड्या ट्रेतला बर्फ फ्रीजमधले सगळे वास ओढून घेतो आणि मग व्होडकाला मेथीची चव येते. झाकणाचा ट्रे घ्या. आणि रम-व्हिस्कीसाठी स्टीलच्या वाटीत एकच मोठा गोळा गोठवा. आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग कमी, म्हणून हळू वितळतो, पेय पाणचट होत नाही. चखण्याला कांदा-कोथिंबीर-लिंबू घातलेले खारे दाणे. यापुढे कोणी नाचोज आणले तर त्याला दारातून परत पाठवतो.

साडेसात हजारांत बसलं. एकशे दहा रुपये उरले.

2025 च्या जूनमध्ये सरकारनं विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, क्वार्टरची किमान किंमत 205 वर गेली. तरीही हिशोब करा: 180 मिलीला 205, म्हणजे लार्ज पेग साधारण 68 रुपयांना. परमिट रूममध्ये तोच पेग तीनशेच्या पुढे. शीटमध्ये मी प्रत्येक बैठकीची एक ओळ करायचो: तारीख, बाटली, किती मिली, किती जण. 'किती जण'चा कॉलम माणशी खर्च काढायला. पहिल्या महिन्याचा आकडा मी ग्रूपवर पाठवला तेव्हा नागपूरकरानं मला अर्थमंत्री करायची सूचना मांडली. :-)

दिवाळीच्या आधी आई चार दिवस राहायला आली. मी बाटल्या लपवल्या नाहीत. म्हणजे लपवणार होतो, पण ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि ती शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन आधीच घरात पोचली. तिनं काचेचं कपाट बघितलं, ग्लास उचलून त्यावरचा डाग पदरानं पुसला आणि परत ठेवला. जेवताना विचारलं,

"मित्र येतात होय?"

"हो, शनिवारी."

"एकटा नाही ना घेत?"

"छे गं."

एवढंच. पुढे तिनं विषय काढला नाही. पण ती हा प्रश्न का विचारते ते मला माहीत आहे. मामा सुरुवातीला कारखान्यातल्या चौघांबरोबर बसायचा, पगाराच्या दिवशी. देशी संत्रा. मग ते चौघं बदलून गेले, निवृत्त झाले, आणि मामा एकटाच बसायला लागला. "चारचौघांत घेत होता तोवर बरा होता," असं आजी म्हणायची. मामा गेला तेव्हा मी अकरावीत होतो. वय त्रेचाळीस. लिव्हर. लहानपणी मला वाटायचं, मामाची दारू वेगळी, वाईट. आता लेबलं वाचायला शिकलोय. तीच मळी, तोच ऊस. माझ्या व्होडकातला अर्क जास्त शुद्ध केलेला असतो, त्याला संत्र्याचा स्वाद घातलेला नसतो, आणि बाटली काचेच्या कपाटात शोभते.

आई झोपल्यावर मी शीट उघडली. खरं सांगतो, काही शोधायला नाही. तिमाहीचा माणशी खर्च काढायचा होता. पिव्होट लावला तर शून्यानं भागाकाराची एरर. काही ओळींत 'किती जण' शून्य होतं. पाहुणा नसला की मी तिथे शून्य टाकत होतो आणि ते टाकताना एकदाही थांबलो नव्हतो. मोजलं: बारा आठवड्यांत 23 ओळी. नऊ शनिवार, मित्रांसोबत. चौदा ओळी एकट्याच्या. महिन्याप्रमाणे पाडल्या: पहिल्यात 1, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 9. आमच्या लायनीतल्या लोकांना ही मालिका ओळखायला ट्रँगल टेस्ट लागत नाही. पुढचा आकडा काय तोही कळतो.

आणि यात कुठलंही दुःख वगैरे नव्हतं हो! ब्रेकअप नाही, नोकरी जात नव्हती. मंगळवार असायचा. अमेरिकेतल्या क्लायंटचा रात्री साडेदहाचा कॉल संपायचा, भात गरम करायला ठेवायचा, आणि कपाट समोर. अडुसष्ट रुपये. परमिट रूममध्ये जाऊन मंगळवारी एकट्यानं तीनशे रुपयांचा पेग मी जन्मात घेतला नसता; कपडे बदला, रिक्षा करा, बिल भरा. बारचं ते भरमसाठ बिल हे माझं रेट लिमिटर होतं, आणि खर्च वाचवायच्या नादात मी नेमकं तेच काढून टाकलं होतं. सिस्टिम स्वस्त झाली, जलद झाली, लोड वाढला. हा बग मी ऑफिसात ज्युनियर पोरांना शिकवतो.

शिवाय माप. 30 मिली 42.8 टक्के म्हणजे जवळपास 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, लार्ज म्हणजे 20. तिसऱ्या महिन्यातल्या त्या नऊ रात्री मी सरासरी 90 मिली घेतली होती. पहिल्या महिन्यातल्या एकुलत्या एका रात्री 30. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीत सांगून टाकलंय की अल्कोहोलची सुरक्षित अशी पातळीच नाही. ते मी वाचलं होतं आणि शनिवारी मित्रांत विनोद म्हणून सांगितलंही होतं.

बार मी मोडला नाही. सगळं सिंकमध्ये ओतून टाकायचं, असलं नाटक मला जमत नाही, आणि साडेसात हजार म्हणजे साडेसात हजार. कोल्हापूरकराला शीट दाखवली. तो नेहमीसारखं काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ स्क्रोल करत बसला, मग म्हणाला, "माझ्याकडे ठेव की." तेव्हापासून चारही बाटल्या त्याच्या घरी आहेत. शनिवारी येताना पिशवीतून घेऊन येतो, जाताना उरलेल्या घेऊन जातो. त्याच्या बायकोला मी आवडत नाही ते बहुधा यामुळेच. माझ्या कपाटात ग्लास, कोकम आगळ आणि साखरेचा पाक. कॉल संपला की कोकम सोडा करतो. पहिले काही मंगळवार तो अगदीच पोरकट लागायचा.

नोव्हेंबरात शून्याच्या ओळी 3 झाल्या (एकदा ऑफिसच्या पार्टीतून येताना क्वार्टर घेतली, दोनदा नुसतीच घेतली). डिसेंबरात 1.

जानेवारीत एका रविवारी आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "आई, दिवाळीला तू विचारलं होतंस ना, ते मी खोटं सांगितलं."

ती काही बोलली नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मग म्हणाली, "किती वेळा?"

"तेव्हा चौदा. तीन महिन्यांत."

"मोजलेस?"

"लिहून ठेवतो मी."

"आणि आता?"

"गेल्या महिन्यात एकदा."

"मामा कधी लिहून नाही ठेवायचा," ती म्हणाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. "लिहीत जा. आणि मला दर महिन्याला सांग. खरा आकडा सांग."

आता महिन्याच्या एक तारखेला आईला फोन असतो. जानेवारीचा आकडा 2 होता. तो सांगितला तेव्हा तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि लोणचं कधी पाठवू ते विचारलं. कोल्हापूरकर शनिवारी पिशवी घेऊन येतोय. सोडा संपलाय, लिंबंही आणायला हवीत.